यूट्यूब बंद, वाचनालय सुरू

हा लेख एका ओळीच्या विरोधात आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात पाच संगणक आहेत, आणि त्या पाचही संगणकांच्या ‘होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये ती लिहिलेली आहे. ओळीत आधी १२७.०.०.१ हा आकडा आहे आणि पुढे यूट्यूबचा पत्ता. हा आकडा म्हणजे संगणकाचा स्वतःचाच पत्ता. कुणी यूट्यूब उघडायला गेलं की संगणक इंटरनेटवर जातच नाही. तो स्वतःच्याच दारावर टकटक करतो, आत कुणी नसतं, आणि स्क्रीनवर निरोप येतो की या साइटपर्यंत पोहोचता येत नाही.

‘इथे बंदी आहे’ असं तो निरोप म्हणत नाही, हे नीट लक्षात घ्या. पुण्यात असा निरोप दिसला तर माणूस चिडतो, वायफाय तपासतो, शेजारच्याला विचारतो. गडचिरोलीत माणूस गुपचूप उठून जातो, कारण नेट नसणं इथे रोजचंच आहे. टॉवर बंद आहे, केबल तुटली, लाइन गेली, पर्लकोटेला पूर आला; कारणं तयारच असतात. त्या वाचनालयात येणारी अकरावीची एक मुलगी मला म्हणाली, “दादा, इथलं नेट तसं बरं चालते, फक्त व्हिडिओले पुरत नाही.” कित्येक महिने ती हेच समजून चालली होती. नेट पुरत होतं. तिला ते द्यायचं नाही असं कुणीतरी ठरवलं होतं, आणि ठरवलंय हे तिला सांगायची तसदीसुद्धा घेतली नव्हती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरी पुण्यात, घर गडचिरोलीत. सुट्टीत गावी आलो की ओळखीच्या वाचनालयांचे संगणक बघून देतो: व्हायरस काढणं, प्रिंटर जोडणं, असली कामं. त्या कामात अशा ओळी सापडत जातात. कुठे होस्ट्स फाइल, कुठे राउटरमधली यादी, कुठे ब्राउझरलाच पासवर्ड. बहुतेक वेळा संगणक बसवून देणारा माणूसच जाता जाता हे करून जातो आणि मग कुणी त्याकडे फिरून बघत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. सार्वजनिक वाचनालयात व्हिडिओवर सरसकट बंदी घालणं म्हणजे वाचकांच्या एका मोठ्या गटाला दाराबाहेर काढणं. व्हिडिओ कसा बघायचा, किती वेळ बघायचा, याचे नियम जरूर करा. बघायचाच नाही, हा नियम मोडीत काढा.

“घरी मोबाइल आहे ना?”

पहिलं उत्तर हमखास हेच मिळतं. व्हिडिओ घरी बघा, इथे वाचायला या. हे म्हणणाऱ्याच्या खिशात मोबाइल असतो आणि तो फक्त त्याचाच असतो.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांना विचारलं होतं की तुम्ही कधी एकदा तरी इंटरनेट वापरलंय का. पुरुषांपैकी ५७.१ टक्के ‘हो’ म्हणाले, बायकांपैकी ३३.३ टक्के. त्यानंतर परिस्थिती बदलली असेल, पण घरात एकच स्मार्टफोन असला की तो आधी कुणाच्या हातात जातो हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. बाप कामावर नेतो, मग भाऊ घेतो, बहिणीला रात्री नऊनंतर चार्जिंग संपलेला मिळतो. वसतिगृहातल्या मुलींची गोष्ट तर त्याहून वेगळी. वर सांगितलेली मुलगी वसतिगृहात राहते आणि तिच्या हाती फोन फक्त रविवारी येतो. तिच्यासाठी ते पाच संगणक म्हणजे आठवड्यातल्या उरलेल्या सहा दिवसांचं इंटरनेट आहे.

केरळमध्ये यावरून न्यायालयात लढाई झाली आहे. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायला बंदी होती. मुलींनी अभ्यास करावा म्हणून! एका विद्यार्थिनीने सांगितलं की मी अभ्यासच मोबाइलवर करते. तिला वसतिगृहातून काढलं. ती उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितलं. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे. त्या वसतिगृहाच्या लोकांचा आणि आमच्या वाचनालयांच्या संचालकांचा समज एकच आहे: स्क्रीन म्हणजे करमणूक, कागद म्हणजे अभ्यास.

आणि ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांनाही हे उत्तर लागू पडत नाही. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, एमपीएससी यांची तयारी करणारी पोरं दिवस दिवस अभ्यासिकेत बसतात. गणिताचा व्हिडिओ सहा इंची स्क्रीनवर बघत, तोच फोन पुस्तकाला टेकवून, वहीत उदाहरणं सोडवत बसलेली ही पोरं तुम्हीही पाहिली असतील. तिथून दहा पावलांवर मोठ्या स्क्रीनचा संगणक मोकळा पडलेला असतो. त्याच्यावर तो व्हिडिओ चालत नाही.

माझ्या कंपनीत कुणी यूट्यूब बंद केलं तर दुपारपर्यंत काम अडेल. नवीन टूल आलं, एरर आली, की आम्ही सगळे आधी कुणाचा तरी व्हिडिओ शोधतो. त्याला तिथे ‘अपस्किलिंग’ म्हणतात आणि वर्षाच्या शेवटी त्याचं कौतुक होतं. हीच गोष्ट तालुक्याच्या वाचनालयात एखाद्या पोराने केली की तिला टाइमपास म्हणायचं. पगार असलेल्याचा व्हिडिओ शिक्षण आणि पगार नसलेल्याचा व्हिडिओ चैन, असा हा हिशोब आहे.

इथे व्हिडिओ हेच पुस्तक आहे

आता मुख्य मुद्दा. आमच्या जिल्ह्यात ही बंदी पुण्या-मुंबईपेक्षा जास्त का बोचते?

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून वेगळा झाला. बारा तालुके आहेत. भामरागड-एटापल्लीकडे माडिया बोलतात. धानोरा, कोरची, कुरखेड्यात गोंडी आणि छत्तीसगढी ऐकू येते. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली, आरमोरी-वडसा भागात झाडीबोली. आता कुठल्याही वाचनालयात जा आणि कपाटं बघा. मराठी पुस्तकं भरपूर, थोडी हिंदी, थोडी इंग्रजी. गोंडीचं कपाट दाखवा. माडियाचं दाखवा.

यात ग्रंथपालाचा दोष नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ३० लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, तरी ती अजून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. मसराम गोंडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१७ साली, गुंजाळा गोंडी लिपीला २०१८ साली. म्हणजे या लिप्यांमधून मोबाइलवर सरळ टाइप करता येण्याची नुसती पूर्वतयारी व्हायला एवढा काळ गेला. छापखान्याने या भाषांना कधी फारसं विचारलं नाही. पण त्या बोलल्या जातात, गायल्या जातात, आणि कॅमेरा असलेला फोन हातात आल्यापासून त्या रेकॉर्ड होऊ लागल्या. रेला गाणी, सण, जुनी माणसं सांगतात त्या गोष्टी, वनहक्क समजावून देणाऱ्या सभा, हे सगळं आज व्हिडिओत आहे. गोंडीत काही ‘वाचायचं’ असेल तर आज बहुतेक वेळा ते ऐकावं आणि बघावं लागतं. ज्या वाचनालयात व्हिडिओ बंद आहे, तिथे माडिया पोराला स्वतःच्या भाषेतलं काहीही मिळत नाही. त्याला मिळतो तो दुसऱ्याच्या भाषेत वाचण्याचा हक्क.

बहिऱ्या वाचकांचं तर विचारूच नका. भारतीय सांकेतिक भाषा कागदावर उतरत नाही, ती हात आणि चेहरा बघूनच समजते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने शब्दकोश केला तो व्हिडिओंचा. ऑक्टोबर २०२० मध्ये या केंद्राने एनसीईआरटीशी करार केला आणि शालेय पाठ्यपुस्तकं सांकेतिक भाषेत आणायचं ठरलं; तेही अर्थात व्हिडिओच. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात ‘संवाद’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे तिच्यात ब्रेल आहे, सांकेतिक भाषा आहे आणि व्हिडिओसुद्धा आहे. बहिऱ्या विद्यार्थ्याचं पाठ्यपुस्तकच होस्ट्स फाइलमधल्या त्या ओळीने बंद होतं.

सरकारचीच गंमत बघा. एका हाताने सरकार बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापतं, म्हणजे मुलांनी दीक्षावर जाऊन व्हिडिओ बघावेत. आयआयटींची एनपीटेलची व्याख्यानं आहेत, २०१७ पासून स्वयम आहे. एनपीटेलची व्याख्यानं यूट्यूबवरच ठेवलेली आहेत. आणि दुसऱ्या हाताने, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात, तेच यूट्यूब बंद. सार्वजनिक पैशाने बनवलेलं व्याख्यान सार्वजनिक पैशाने घेतलेल्या संगणकावर दिसत नाही.

“पण वाचनालय म्हणजे पुस्तकं” असं ज्यांना वाटतं त्यांनी बडोद्याचा इतिहास बघावा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं उभं करायला घेतलं. त्या ग्रंथालय खात्यात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवणारी फिरती वाचनालयं होतीच, शिवाय दृश्य शिक्षणाची एक वेगळी शाखाही होती. तिच्याकडे मॅजिक लँटर्न होते, स्टिरिओस्कोप होते, आणि ती खेड्यांत सिनेमा दाखवायची. ज्या लोकांना वाचता येत नव्हतं त्यांचाही वाचनालयावर हक्क आहे, हे त्या खात्याला शंभरहून जास्त वर्षांपूर्वी कळलं होतं. आपण त्यांच्या पुढे जायचं की मागे?

आमच्या जिल्ह्याला तर हे वेगळं शिकवायलाही नको. थंडीत रात्रभर झाडीपट्टीची नाटकं बघणारा हा मुलूख आहे. यातल्या किती नाटकांची पुस्तकं निघाली? साहित्य बघता येतं, हे इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही माहीत आहे. वाचनालयाच्या कार्यकारिणीला तेवढं पटायचं आहे.

आक्षेप, एकेक करून

बंदी घालणारे मूर्ख नाहीत. त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. एका ग्रंथपालांनी मला सुनावलं ते असं: “भाऊ, तुमी पुण्याले राहता. इथं कोणी वंगाळ काही लावलं अन् पालक आले भांडाले, तर उत्तर मले द्या लागते. तुमाले नाही.” त्यांना मिळणारा पैसा आणि त्यांच्या डोक्यावरची जबाबदारी यांचा मेळ बसत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच आक्षेप नीट बघू.

‘नेट पुरत नाही.’ हा एकच आक्षेप मोजता येतो, तर मोजू. यूट्यूबच्याच मदत-पानावर आकडे आहेत: ३६०पी साठी सेकंदाला ०.७ मेगाबिट, ४८०पी साठी १.१, ७२०पी साठी २.५, १०८०पी साठी ५. पाचही संगणकांवर एकाच वेळी १०८०पी चाललं तर २५ मेगाबिट लागतील आणि छोटी लाइन बसेल. तेच पाच संगणक ४८०पी वर ठेवले तर साडेपाच मेगाबिटमध्ये भागतं. व्याख्यान समजायला ४८०पी पुरतं. यासाठी प्रत्येक संगणकाला वेगाची मर्यादा घालायची. यूट्यूबचा प्लेअर मिळेल त्या वेगाप्रमाणे चित्राचा दर्जा आपोआप कमी करतो, कुणाला काही सांगावं लागत नाही. आणि नेट खरंच रेंगाळत असेल तर आधी विंडोज अपडेट बघा. पाचही संगणक एकाच दुपारी तेच अपडेट वेगवेगळं उतरवून घेत बसतात आणि नाव व्हिडिओचं खराब होतं.

‘आवाज होतो.’ मग आवाजावर बंदी घाला. हेडफोनशिवाय आवाज नाही, स्पीकर काढून कपाटात. वाचनालयात मोठ्याने बोलायलाही मनाई असते. म्हणून आपण लोकांची तोंडं शिवत नाही.

‘पोरं टाइमपास करतात.’ करतात. वर्तमानपत्रांच्या टेबलावर रोज सकाळी आजोबा मंडळी राशिभविष्य वाचतात, सिनेमाची पुरवणी चाळतात, क्रिकेटचा स्कोअर बघतात. त्यांना कधी कुणी विचारलं का, की यातून कोणत्या परीक्षेची तयारी चालली आहे? कपाटात रहस्यकथा आहेत, भयकथा आहेत. एके काळी कादंबऱ्यांनीसुद्धा पोरं बिघडतात म्हणायचे. आज त्याच कादंबऱ्या वाचत नाहीत म्हणून आपण पोरांना बोलतो. करमणूक हा वाचनालयाचा जुना आणि मानाचा भाग आहे. गरिबाच्या पोराने मात्र सतत उपयुक्तच असावं, ही अट आपण कुठून आणली?

तरीही या आक्षेपात एक खरी गोष्ट आहे, ती मी लपवणार नाही. एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू करणारी, अंगठ्याखाली न संपणारी रील्सची रांग ही माणसाला धरून ठेवायलाच बनवलेली असते. असल्या गोष्टी बनवणाऱ्या धंद्यात मी काम करतो, मला ते आतून माहीत आहे. पण तिच्यावरचा उपाय त्या रांगेवर घाला. ऑटोप्ले बंद करता येतो. शिफारशींची बाजूची पट्टी आणि शॉर्ट्स लपवणारी एक्स्टेन्शन फुकट मिळतात. मग उरतो तो शोधण्याचा चौकोन आणि शोधलेला व्हिडिओ. कपाटाजवळ जाऊन पुस्तक काढण्यासारखंच झालं हे.

‘अश्लील बघतील.’ हा आक्षेप पुढे आला की सगळे गप्प होतात, म्हणून तो नेहमी शेवटी काढतात. सरकारला हीच भीती सायबर कॅफेंबद्दल वाटली तेव्हा २०११ मध्ये नियम झाले. त्या नियमांत काय आहे? आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नको. आडोसा नसेल तर स्क्रीन मोकळ्या जागेकडे तोंड करून असाव्यात. फिल्टरचं सॉफ्टवेअर बसवा. अश्लील साइट बघायला मनाई आहे असा फलक लावा. व्हिडिओच बंद करा, असं त्यात कुठेही नाही. वाचनालय म्हणजे सायबर कॅफे नव्हे, पण शहाणपण उसनं घ्यायला हरकत काय? अश्लील साइट्स अडवणारं फुकटचं डीएनएस फिल्टर पाच मिनिटांत लागतं. यूट्यूबसाठी ‘रिस्ट्रिक्टेड मोड’ आहे, तो कडक किंवा मध्यम असा सगळ्या नेटवर्कला एकदम लावता येतो. तो अचूक नाही. २०१७ मध्ये तो समलिंगी माणसांचे साधे व्हिडिओही लपवत होता म्हणून गदारोळ झाला होता आणि यूट्यूबला चूक मान्य करावी लागली होती. म्हणून तो लावला तरी ‘एखादा व्हिडिओ अडला तर ग्रंथपालांना सांगा’ ही सोय हवीच.

फिल्टरला काय दिसतं, काय दिसत नाही

इथे थोडं इंजिनिअरिंग सांगतो, कारण अनेक संचालकांना वाटतं की एखादं महागडं यंत्र घेतलं की ते चांगले व्हिडिओ ठेवून वाईट तेवढे गाळून देईल.

आज जवळपास सगळं इंटरनेट कुलूपबंद पाकिटातून चालतं. राउटर म्हणजे गावचा पोस्टमन समजा. पाकीट कुठल्या पत्त्यावर चाललंय हे त्याला दिसतं, आत काय लिहिलंय ते दिसत नाही. संगणक यूट्यूबशी बोलतोय एवढं राउटरला कळतं. त्यावर त्रिकोणमिती चालली आहे की नाच चाललाय, हे कळत नाही. त्यामुळे राउटरच्या हातात दोनच पर्याय असतात, सगळं चालू किंवा सगळं बंद. विवेक त्या डब्यात नसतो. तो माणसांनी करायचा असतो, आणि त्यासाठी वाचनालयात ग्रंथपाल नावाचा माणूस असतो.

म्हणून बंदीच्या जागी माझा प्रस्ताव असा. प्रत्येक संगणकाला वेगाची मर्यादा. हेडफोन सक्तीचा. ऑटोप्ले आणि शिफारशी बंद. अश्लील साइट्सना डीएनएस फिल्टर. ४५ मिनिटांची पाळी आणि वहीत नंबर; कुणी वाट बघत नसेल तर पाळी पुढे चालू. उठल्यावर लॉगिन आणि इतिहास आपोआप पुसला जाईल अशी पाहुण्यांची खाती, म्हणजे वसतिगृहातल्या मुलीने काय शोधलं ते पुढच्या पोराला दिसणार नाही. आणि जे अडवलंय तिथे ‘हे वाचनालयाने बंद केलं आहे, हवं असेल तर ग्रंथपालांना भेटा’ असं मराठीत लिहिलेलं पान. या यादीतलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. हेडफोन विकत घ्यावे लागतील, आणि कुणाला तरी एक दिवस द्यावा लागेल.

आणखी एक. नेट खरंच नसतं अशी गावं आपल्याकडे आहेत. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता बंद होतो तेव्हा लाइनचाही भरवसा नसतो. अशा ठिकाणी वाचनालयाने स्वतःच व्हिडिओ साठवावेत. किविक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरने अख्खा मराठी विकिपीडिया एका हार्ड डिस्कवर मावतो. खुल्या परवान्यातली व्याख्यानं, गावातल्याच लोकांनी रेकॉर्ड केलेली आणि त्यांनी परवानगी दिलेली गोंडी-माडिया गाणी आणि गोष्टी त्याच डिस्कवर ठेवता येतील. मग वाचनालयात गोंडीचं कपाट खरोखरच तयार होईल.

ठरवणार कोण?

समजा, हे सगळं वाचूनही एखाद्या गावाला वाटलं की आपल्याकडे व्हिडिओ नकोच. ठीक आहे. पण ते ठरवलं कुणी?

आज ते ठरवतो संगणक बसवणारा मेकॅनिक, किंवा एखादा संचालक, फोनवरून. कागद नाही, ठराव नाही, तारीख नाही. वाचकाला पत्ता नाही. पुस्तक खरेदीची यादी तरी बैठकीत येते. हजारो व्हिडिओंचं कपाट मात्र कुठल्याही बैठकीशिवाय एका ओळीने बंद होतं. माझा सगळ्यात मोठा राग या गुपचूपपणावर आहे.

अमेरिकेत २००० साली कायदा झाला की केंद्र सरकारची इंटरनेट-मदत घेणाऱ्या वाचनालयांनी अश्लील चित्रांसाठी फिल्टर लावावेत. ग्रंथालय संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००३ मध्ये हरली. पण तिथेही कायद्याने सगळे व्हिडिओ बंद केले नव्हते. आणि प्रौढ वाचकाने म्हटलं तर ग्रंथपाल त्याच्यापुरता फिल्टर काढू शकतो, ही सोय कायदा टिकण्यामागचं एक महत्त्वाचं कारण ठरली. फिल्टर समर्थनीय ठरला तो, तो काढून मागता येतो म्हणून. आपल्याकडे काढून मागणार कसा? तो आहे हेच माहीत नाही.

आणि ठरवायचं कसं, हे शिकायला अमेरिकेत जायची गरज नाही. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव देशाला माहीत आहे ते तिथल्या ग्रामसभेमुळे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. तिथे बहुमताने हात वर करून निर्णय होत नाहीत. सर्वसहमती होईपर्यंत चर्चा चालते, आणि आधी अभ्यासगटात विषय समजून घेतला जातो. जंगलातल्या बांबूचं काय करायचं हे ज्या जिल्ह्यातले लोक एकत्र बसून ठरवू शकतात, त्या जिल्ह्यातल्या वाचकांना पाच संगणकांवर काय चालावं हे ठरवता येणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने ते समोर येऊन म्हणावं. वाचकांची बैठक घ्या. अभ्यासिकेतली पोरं, वसतिगृहातल्या मुली, वर्तमानपत्राच्या टेबलावरचे आजोबा, सगळ्यांना बोलवा. जो नियम ठरेल तो लिहा, तारीख घाला, भिंतीवर लावा, सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. तो झाला तेव्हा संगणकाचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे जुन्या संचालकांना दोष देऊन उपयोग नाही. पण आज गडचिरोली पोलीस दलाच्या ‘एक गाव, एक वाचनालय’ उपक्रमातून दुर्गम गावांमध्ये नवी वाचनालयं उभी राहिली आहेत. नव्या जागी जुन्याच सवयी उचलल्या जातात. तालुक्याच्या वाचनालयात जी ओळ आज आहे, ती उद्या पेनड्राइव्हवरून गावातल्या वाचनालयात जाईल, आणि तिथे पहिल्यांदाच संगणकासमोर बसलेल्या पोराला आयुष्यातला पहिला निरोप मिळेल: पोहोचता येत नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपले पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच ग्रंथ वापरले जाण्याबद्दलचा आहे. तो समजावताना त्यांनी जुन्या काळी युरोपात पुस्तकं साखळीने बांधून ठेवायचे त्याचा दाखला दिला आहे. पुस्तकं मौल्यवान होती, चोरीची भीती खरी होती, म्हणून साखळ्या आल्या. भीती गेली तरी साखळ्या बराच काळ राहिल्या. निदान त्या डोळ्यांना दिसायच्या तरी.

तेव्हा तुमच्याकडून मला एक काम हवंय. हा लेख तुम्ही बहुधा मोबाइलवर वाचताय, म्हणजे तुमचं अडलेलं नाही. तुमच्या गावच्या वाचनालयात जा. संगणकावर बसा आणि एक शैक्षणिक व्हिडिओ लावून बघा. लागला नाही, तर ग्रंथपालांना नीट, आदराने तीन प्रश्न विचारा: हे बंद केलंय का? कधी आणि कुणाच्या ठरावाने? आणि मला हवं असेल तर चालू करून कसं मिळेल? उत्तर मिळालं नाही तर हेच तीन प्रश्न कागदावर लिहून द्या आणि पोच घ्या. ओळ पुसायची वेळ आली आणि कुणाला जमलं नाही, तर मला बोलवा. दोन मिनिटांचं काम आहे, दिवाळीत मी गावीच आहे.